वाचकांचे प्रश्न: ज्योतीतील रेणूंची शिरगणती

मागील अंकात लेसरच्या उपयोगांविषयी लिहिताना, जळत्या वायूची घनता त्याला स्पर्श न करता केवळ प्रकाशाने मोजता येते, असे एक वाक्य आम्ही ओघात लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली, तितकी उरलेल्या सबंध लेखावर आली नाहीत. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राला जागा अधिक लागली आहे, कारण मूळ गोष्ट तेथेच सांगून टाकली की पुढची उत्तरे आटोपशीर होतात.

स. न. वि. वि. मी यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. आमच्या प्रकल्पात मिथेन आणि हवा यांच्या मिश्रणाच्या ज्योतीत थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी धातूची तार, धरून आम्ही तापमान घेतो. परंतु तार आत गेली की ज्योतच वाकते, आणि दोन वेगवेगळ्या जाडीच्या तारांची मापे एकमेकांशी जुळत नाहीत. लेसरने घनता मोजतात म्हणजे नेमके काय मोजतात, आणि तीवरून तापमान कसे काढतात?
— एक विद्यार्थी, राजेंद्रनगर, इंदूर

तुमच्या हाताचा यात काही दोष नाही. ज्योतीत धरलेली तार दोन प्रकारे फसवते. ती प्रवाहाच्या वाटेत उभी राहते, त्यामुळे जी ज्योत मोजायची तीच बदलते; आणि तिच्या टोकाचा तापलेला मणी भोवतालच्या थंड वस्तूंकडे प्रारणाने उष्णता टाकत राहतो, त्यामुळे तो सभोवतालच्या वायूइतका तापतच नाही. मणी जितका जाड तितकी ही तूट मोठी, म्हणून तुमची दोन मापे जुळत नाहीत. शिवाय के-प्रकारच्या थर्मोकपलची मर्यादा सुमारे १,३७० अंश सेल्सिअस आहे, आणि मिथेन व हवा नेमक्या प्रमाणात मिसळून पेटवली तर ज्योत १,९०० अंशांच्या पुढे जाते. प्लॅटिनम १,७६८ अंशांना वितळते, हे लक्षात घेतले म्हणजे महाग तार आणूनही प्रश्न का सुटत नाही, ते कळेल.

लेसरच्या पद्धतीत ज्योतीत काहीही घालावे लागत नाही. एक बारीक किरणशलाका ज्योतीतून पार केली जाते, आणि तिच्या लहानशा तुकड्याकडे बाजूने, बहुधा काटकोनातून, भिंग लावून पाहिले जाते. खिडकीच्या फटीतून आलेल्या कवडशात धूळ चमकते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. ती धूळ पूर्णपणे काढून टाकली तरी कवडसा अगदीच नाहीसा होत नाही, कारण हवेचे रेणूदेखील आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश सर्व बाजूंना विखुरतात. या विखुरण्याला मराठी पाठ्यपुस्तकांत ‘विकिरण’ म्हणतात, तर आपल्याकडच्या हिंदी पुस्तकांत ‘प्रकीर्णन’. हिंदीत विकिरण हा शब्द प्रारणाच्या अर्थाने रुळलेला असल्यामुळे, इंदूरच्या वाचकाचा घोटाळा होऊ नये म्हणून येथे प्रकीर्णन हाच शब्द ठेवला आहे. मागील लेखात ज्याचा उल्लेख होता ते रॅले प्रकीर्णन हेच.

अत्यल्प म्हणजे किती, हे पाहण्यासारखे आहे. ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा लेसर खोलीतल्या हवेतून एक मिलिमीटर पुढे गेला, तर त्याच्या एक अब्ज फोटॉनांपैकी, म्हणजे प्रकाशकणांपैकी, जेमतेम १३ वाटेत विखुरतात, आणि तेही सर्व दिशांना मिळून. साध्या भिंगाच्या वाट्याला त्या विखुरलेल्यांतील शंभरात एकही मुश्किलीने येतो. तरीही मोजणी जमते, कारण एक जूल ऊर्जेच्या हिरव्या स्पंदात, म्हणजे क्षणभराच्या एका झोतात, २७ वर १७ शून्ये इतके फोटॉन असतात. थेंबाथेंबाने का होईना, तळे साचते.

भिंगापर्यंत पोहोचणारा प्रकाश, मांडणी एकदा पक्की झाली की, तीन गोष्टींवर ठरतो: लेसर किती प्रखर आहे, शलाकेच्या वाटेत रेणू किती आहेत, आणि प्रत्येक रेणू प्रकाश विखुरण्यात किती तरबेज आहे. पहिली गोष्ट वेगळ्या मापकाने स्पंदागणिक नोंदता येते. दुसरी गोष्ट म्हणजेच घनता. रेणू दुप्पट तर प्रकाश दुप्पट, इतका हा संबंध सरळ आहे, आणि म्हणून मी या पद्धतीला रेणूंची शिरगणती म्हणतो. उघड्यावर जळणाऱ्या ज्योतीत दाब सर्वत्र जवळजवळ वातावरणाइतकाच असल्यामुळे, वायूच्या नियमानुसार, ठरावीक जागेतील रेणूंची संख्या निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. २९८ केल्विनला, म्हणजे खोलीच्या तापमानाला, एका पेटीत जितके रेणू मावतात, त्यांच्या सातव्या हिश्शाहूनही थोडे कमी रेणू २,२०० केल्विनला त्याच पेटीत उरतात. घनता कळली की तापमान आपसूक हाती येते ते असे.

या शिरगणतीत एक गोम मात्र आहे. येथे प्रत्येक डोके सारखे मोजले जात नाही. नायट्रोजनच्या रेणूचे प्रकीर्णन १ धरले, तर ऑक्सिजनचे सुमारे ०.८६, पाण्याच्या वाफेचे ०.७, कार्बन डायऑक्साइडचे २.३, मिथेनचे २.२, हायड्रोजनचे ०.२२ आणि प्रोपेनचे तब्बल १३ भरते. हीलियम मात्र इतका निरिच्छ की त्याचे ७० अणू मिळून नायट्रोजनच्या एका रेणूची बरोबरी करतात. म्हणजे उजेड वाढला तो गर्दी वाढल्यामुळे की गर्दीतील माणसे बदलल्यामुळे, हे नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही. येथे तुमचे इंधन तुमच्या मदतीला येते. नेमक्या प्रमाणातील मिथेन-हवेच्या मिश्रणात साडेनऊ टक्के मिथेन असते, आणि त्या मिश्रणाचे सरासरी प्रकीर्णन काढले तर ते सुमारे १.०९ येते, जळून झाल्यावर उरलेल्या नायट्रोजन, वाफ आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचे तेच गणित केले तर १.०७ येते. ज्योतीच्या अलीकडे आणि पलीकडे फरक दोन टक्क्यांचा, म्हणजे जवळजवळ नाहीच. इंधन आणि हवा वेगवेगळी येऊन जळणाऱ्या ज्योतींत ही सोय आपोआप मिळत नाही. म्हणून अशा प्रयोगांसाठी सुमारे २२ टक्के मिथेन, ३३ टक्के हायड्रोजन आणि ४५ टक्के नायट्रोजन असे इंधन मुद्दाम बनवून वापरले गेले आहे. वरचे आकडे घेऊन स्वतः बेरीज करून पाहा. मिथेनचा अतिरेक हायड्रोजन कसा नेमका खाऊन टाकतो आणि सरासरी पुन्हा १ वर कशी येते, हे पाहून ज्याने ते मिश्रण ठरवले त्याला मनोमन दाद द्यावीशी वाटते.

आता प्रत्यक्ष हिशेब कसा घालतात ते एका काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेल्या उदाहरणाने दाखवतो. समजा, स्वच्छ गाळलेल्या हवेत तुमच्या कॅमेऱ्याने १०,००० एकक प्रकाश नोंदवला. मग बर्नरमधून त्याच दाबाचा, त्याच तापमानाचा हीलियम सोडला, तर आकडा १४० च्या आसपास यायला हवा. पण तो येतो ६४०. जास्तीचा उजेड हवेचाही नाही आणि हीलियमचाही नाही. तो बर्नरच्या कडा, खिडक्यांच्या काचा आणि भिंती यांवरून उसळून आलेला आहे. दोन समीकरणे सोडवली की हा परका उजेड ५०५ आणि हवेचा खरा उजेड ९,४९५ निघतो. आता ज्योत पेटवा, आणि जळून झालेल्या वायूत आकडा १,९२० आला असे धरा. घाईने १०,००० ला १,९२० ने भागून २९८ ने गुणले तर तापमान सुमारे १,५५० केल्विन येते. परका उजेड दोन्हींतून वजा करून भागाकार केला तर २,००० केल्विन येते. जळालेल्या वायूचे प्रकीर्णन (१.०७) नुसत्या हवेपेक्षा (०.९७) दहा टक्क्यांनी जास्त आहे, हेही जमेस धरले की २,२०० केल्विन. लेसर तोच, ज्योत तीच, कॅमेरा तोच. साडेसहाशे अंशांचा फरक केवळ हिशेबाचा. म्हणून हीलियमचा सिलिंडर महाग आहे, तो नंतर मागवू, असे जर कोणी सुचवले तर कृपया ऐकू नका.

इंदुरात काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट विसरू नये. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, आणि येथील हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाहून साधारण सहा टक्क्यांनी कमी असतो. पुस्तकातील हवेची घनता जशीच्या तशी उचलून मोजमापाचे प्रमाण ठरवले, तर घनतेच्या प्रत्येक आकड्यात ही सहा टक्क्यांची चूक पहिल्या दिवसापासून घर करून बसेल. गुणोत्तरावरून काढलेल्या तापमानात ती येत नाही, कारण तेथे दाब वर-खाली दोन्हीकडे कटतो. पण घनता किलोग्रॅममध्ये लिहायची असेल तेव्हा प्रयोगशाळेतील वायुभारमापक त्या दिवशी पाहावाच लागतो.

शेवटी सरासरीबद्दल. ज्योत खळबळणारी असेल तर एकाच बिंदूवर कधी थंड वायू येतो, कधी तापलेला. समजा, तेथे निम्मा वेळ ३०० केल्विन आणि निम्मा वेळ २,१०० केल्विन असते. तापमानाची खरी सरासरी १,२०० केल्विन झाली. परंतु तुम्ही प्रकाश बराच वेळ साठवून एकच सरासरी घनता काढली आणि तिचे तापमान केले, तर उत्तर ५२५ केल्विन येईल, कारण थंड वायूत रेणू सातपट असल्यामुळे उजेडात त्याचाच आवाज मोठा असतो. यासाठी सुमारे १० नॅनोसेकंदांचे स्पंद देणारा लेसर घेतात, प्रत्येक स्पंदाचे तापमान वेगळे काढतात आणि मगच सरासरी घेतात. इतक्या थोड्या वेळात खळबळत्या ज्योतीलाही हलायला सवड मिळत नाही.

महोदय, आकाश निळे का दिसते हे शिकवताना मी वर्गात रॅले यांचे नाव घेत असे. तुमच्या लेखातील रॅले तेच का? आणि आपल्या रामन यांचा या पद्धतीशी काही संबंध आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका, लोकमान्यनगर, इंदूर

तेच. मात्र आकाशाच्या निळाईवरचे त्यांचे पहिले लेखन १८७१ चे, आणि तेव्हा ते नुसते जॉन विल्यम स्ट्रट होते; लॉर्ड रॅले ही पदवी वडिलांच्या पश्चात १८७३ मध्ये त्यांच्याकडे आली. प्रकाश विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असते, हा त्यांचा नियम आपण वर्गात शिकवला असेलच. प्रयोगशाळेत तोच नियम रोकडा उपयोगी पडतो: ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरऐवजी त्याच्या निम्म्या तरंगलांबीचा, २६६ नॅनोमीटरचा अतिनील लेसर घेतला, तर तितक्याच ऊर्जेत सोळापट प्रकीर्णन मिळते.

पुढे १८९९ मध्ये, आकाश निळे दिसण्यास धुळीची गरज नाही, हवेचे रेणूच पुरेसे आहेत, असे त्यांनी दाखवले. त्या लेखातला पुरावा आपल्या देशातला आहे. दार्जिलिंगच्या परिसरातून एव्हरेस्ट सुमारे १०० मैलांवरूनही बऱ्यापैकी उजळ दिसते, या निरीक्षणाचा आधार घेऊन हवा किती प्रकाश विखुरते याचा त्यांनी अंदाज बांधला. शंभर मैलांवरच्या शिखराकडे पाहून केलेला तो हिशेब आज आपण एक मिलिमीटर ज्योतीत करतो.

आपल्याला आवडेल असा आणखी एक धागा आहे. रॅले यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते आकाशाच्या रंगासाठी नव्हे, तर वायूंच्या घनतेच्या अभ्यासासाठी आणि त्यातून लागलेल्या आर्गॉनच्या शोधासाठी. हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा अर्ध्या टक्क्याने जड भरतो, हा क्षुल्लक वाटणारा फरक त्यांनी सोडून दिला नाही, आणि विल्यम रॅमसे यांच्यासह १८९४ मध्ये त्या जडपणाचे कारण, म्हणजे आर्गॉन, शोधून काढले. त्यांनी वायू काचेच्या गोळ्यात भरून तराजूत तोलला. त्यांच्याच नावाच्या प्रकीर्णनाने आज वायूची घनता तराजूशिवाय मोजली जाते, हा योगायोग त्यांना पाहायला मिळाला नाही.

रामन यांचा संबंध थेट आहे. रॅले प्रकीर्णनात प्रकाशाचा रंग जवळजवळ तोच राहतो, म्हणून रेणू किती हे कळते, कोणते हे कळत नाही. १९२८ मध्ये रामन यांनी दाखवलेल्या परिणामात विखुरलेल्या प्रकाशाचा रंग रेणूच्या जातीप्रमाणे ठरावीक अंतराने सरकतो, त्यामुळे नायट्रोजन, वाफ, मिथेन हे वेगवेगळे ओळखता येतात. पहिल्या उत्तरातील गोम सोडवायला हाच उपाय आहे. अडचण एवढीच की रामन प्रकाश रॅले प्रकाशाच्या साधारण हजारपट क्षीण असतो. अमेरिकेत लिव्हरमोर येथील सँडिया प्रयोगशाळेच्या ज्वलन संशोधन केंद्रात एकाच लेसर शलाकेवर दोन्ही मापे एकाच वेळी घेण्याची पद्धत चांगली रुळली आहे. रामनवरून मिश्रण कळते, ते रॅलेच्या हिशेबात घालतात, आणि मग तापमान पक्के होते.

आमच्या प्रयोगशाळेत हिरवा लेसर आहे. बर्नरच्या तोंडाजवळ मोजायला गेले की कॅमेरा पांढरा पडतो, आणि वर मोजायला गेले की चित्रात मधूनच लखलखते ठिपके येतात. यावर उपाय काय?
— एक संशोधक सहायक, इंदूर

पांढरा पडतो तो धातूवरून उसळलेल्या उजेडाने, आणि ठिपके येतात ते धुळीचे. तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असलेल्या कणाचे प्रकीर्णन त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. दहापट मोठा कण म्हणजे दहा लाखपट उजेड. वैशाखात माळव्याची धूळ दारे-खिडक्या बंद असताही घरात येते, हे कोणाला सांगायला नको. त्यामुळे बर्नरची हवा तर बारीक गाळणीतून घ्यावीच, पण ज्योतीभोवती गाळलेल्या हवेचा संथ पडदाही सोडावा, म्हणजे खोलीतील हवा आत ओढली जाणार नाही. एवढे करूनही जे ठिपके उरतील ते चित्रातून वेचून टाकता येतात, कारण रेणूंचा उजेड एकसारखा पसरलेला असतो आणि धुळीचा ठिपका शेजाऱ्यांत उठून दिसतो.

उसळणाऱ्या उजेडासाठी प्रथम साधे उपाय करावेत: बर्नरला उष्णता सोसणारा मंद काळा रंग द्यावा, शलाका जेथे संपते तेथे प्रकाश गिळणारा बीम डम्प बसवावा, आणि खिडक्यांच्या काचा ज्योतीपासून लांब, लांबट नळ्यांच्या टोकाला न्याव्यात. परका उजेड किती उरला आहे हे पाहण्याची एक सुरेख युक्ती अशी, की लेसरच्या वाटेत अर्धतरंग पट्टिका ठेवून त्याचे ध्रुवण, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, कॅमेऱ्याच्या दिशेने वळवावे. कंपनाच्या दिशेने रेणू प्रकाश जवळजवळ टाकतच नाहीत. नायट्रोजनचा उजेड अशा वेळी शंभरातील एका हिश्शावर येतो. म्हणजे पट्टिका फिरवल्यावरही जे चकाकत राहते, त्यातील बहुतेक रेणूंचे नाही. उमेदीच्या काळात मला ज्योतीच्या कडेला एक पातळ, दाट वायूचा थर सापडला होता, आणि तीन दिवस मी त्याचे कारण शोधत होतो. चौथ्या दिवशी पट्टिका फिरवली, तर ज्योत विझल्यासारखी काळी झाली आणि थर मात्र जागच्या जागी. तो बर्नरच्या पितळी ओठावरचा ओरखडा होता.

एवढ्यानेही भागले नाही तर आयोडीनच्या बाष्पाची गाळणी आहे. १९९० च्या सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठात ही पद्धत पुढे आणली गेली. हिरव्या ५३२ नॅनोमीटरच्या आसपास आयोडीनच्या बाष्पाला प्रकाश शोषून घेणाऱ्या अनेक अरुंद रेषा असतात. लेसर अतिशय शुद्ध रंगाचा करून त्यांपैकी एका रेषेच्या मधोमध आणला, आणि कॅमेऱ्यापुढे आयोडीनची काचनळी ठेवली, की भिंतींवरून आणि धुळीवरून आलेला प्रकाश, ज्याचा रंग मुळीच बदललेला नसतो, तो नळीत अडकतो. रेणू मात्र शेकडो मीटर प्रतिसेकंद वेगाने धावत असल्यामुळे डॉप्लर परिणामाने, म्हणजे हलत्या वस्तूकडून आलेल्या प्रकाशाचा रंग जरासा सरकतो त्यामुळे, त्यांच्या प्रकाशाचा रंग किंचित इकडे-तिकडे पसरतो. खोलीच्या तापमानाच्या नायट्रोजनमध्ये काटकोनात पाहिले तर हा पसारा सुमारे दोन अब्ज हर्ट्झचा असतो, आणि ज्योतीत तो अडीचपट होतो. रेषेच्या बाहेर पसरलेला तो भाग नळीतून पार होतो. सुपात पाखडल्यावर खडे मागे राहावेत, तसेच हे. पण सुक्याबरोबर ओलेही जळतेच: रेणूंचा मधला प्रकाशही गळतो, आणि किती गळाला ते तापमान, दाब व वायूचा वेग या तिन्हींवर ठरत असल्यामुळे ‘रेणू दुप्पट, उजेड दुप्पट’ हा सरळ हिशेब राहत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की आधी काळा रंग, मग आयोडीन.

सराफ्यात आमचे दागिन्यांचे दुकान आहे. दिवसा कारागिराच्या फुंकणीची निळी ज्योत आणि रात्री त्याच ओट्यापुढे जिलबीच्या कढईखालची पिवळी ज्योत, या दोन्ही मी रोज पाहतो. तुमच्या लेसरने दोन्ही मोजता येतील का?
— एक सराफ, इंदूर

निळी बहुधा येईल, पिवळी नाही. पिवळा रंग हा तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांचा असतो, आणि कण आले की रेणूंचा क्षीण उजेड त्यांच्यापुढे दिवसा लावलेल्या निरांजनासारखा हरवतो. शिवाय काजळी स्वतःच प्रखर जळत असते, तो उजेड वेगळाच. पिवळ्या ज्योतीत लेसरने काजळीचे प्रमाण मोजता येते, पण वायूची घनता या पद्धतीने मोजता येत नाही.

निळ्या ज्योतीतही एक काळजी आहे. एलपीजीत प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. प्रोपेनचे प्रकीर्णन नायट्रोजनच्या १३ पट, ब्यूटेनचे त्याहूनही जास्त. त्यामुळे न जळलेला वायू लेसरखाली फार दाट असल्याचा भास होतो. ज्योतीच्या पलीकडे, इंधन जळून गेल्यावर, मोजमाप पुन्हा भरवशाचे होते. आपल्या कारागिराला ज्योतीचे सर्वांत तापलेले ठिकाण आतल्या निळ्या शंकूच्या टोकाच्या किंचित पुढे असते हे लेसरशिवायच ठाऊक असते, आणि डाक लावताना तो दागिना तेथेच धरतो.

मी पीथमपूरच्या वाहन उद्योगात आहे. चालत्या इंजिनच्या सिलिंडरमध्ये किंवा वेगवान झोतात ही पद्धत चालते का?
— एक अभियंता, इंदूर

सिलिंडरमध्ये तत्त्वतः चालते, व्यवहारात कष्टाने. पिस्टन वर येतो तेव्हा मोजण्याची जागा धातूने चारही बाजूंनी वेढलेली असते, खिडकीच्या काचेवर तेलाचा थर बसतो, आणि इंधनाचे थेंब फवारले असतील तर त्यांचा उजेड रेणूंना गिळून टाकतो. दाबही क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून तो वेगळ्या दाबमापकाने त्याच क्षणी नोंदल्याशिवाय घनतेवरून तापमान काढता येत नाही. मात्र दाब वाढला की रेणूही तितक्याच पटीने वाढतात, आणि उजेड वाढतो, ही जमेची बाजू. वायुरूप इंधनाचे, स्वच्छ खिडक्यांचे संशोधनासाठी बनवलेले इंजिन असेल, तर प्रयत्न करण्यासारखा आहे. कारखान्यातल्या चाचणीच्या ओट्यावरचे डिझेल इंजिन असेल, तर करू नये.

वेगवान झोतात मात्र ही पद्धत शोभून दिसते. क्लीव्हलँड येथील नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रात स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान, झोताच्या आतील घनतेचे चढउतार अखंड चालणाऱ्या लेसरने मोजून, बाहेर ठेवलेल्या मायक्रोफोनच्या आवाजाशी त्यांचा मेळ घातला गेला. झोताचा आवाज आत कोठे जन्मतो, हे शोधण्यासाठी. तेथे कॅमेऱ्याऐवजी फोटोमल्टिप्लायर नळीने एकेक फोटॉन मोजतात, आणि खरा शत्रू धूळ नसून संख्येची चणचण हा असतो. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात १०,००० फोटॉन मिळाले, तर मोजणीतील स्वाभाविक अनिश्चितता त्यांच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १००, अर्थात एक टक्का. ज्योतीत रेणू सातपट कमी झाले की तीच पावणेतीन टक्क्यांच्या आसपास जाते. घनता दोन टक्क्यांनीच हलत असेल, तर ते हलणे या गोंगाटात बुडून जाईल. त्यावर तोड अशी, की तोच प्रकाश अर्धा-अर्धा करून दोन नळ्यांना द्यायचा आणि दोन्हींच्या नोंदींतील समान चढउतार तेवढे ठेवायचे. फोटॉनांचा गोंगाट दोन नळ्यांत वेगवेगळा असतो, तो सरासरीत मिटत जातो, आणि घनतेचा चढउतार दोन्हींत सारखाच असल्याने तो टिकतो. त्यासाठी नोंद बराच वेळ चालू ठेवावी लागते, आणि एका विशिष्ट क्षणी काय झाले ते अशा रीतीने कळत नाही.

आपल्याकडे अखंड चालणारा हिरवा लेसर आणि दोन नळ्या असतील, तर सुरुवात ज्योतीने नव्हे, गाळलेल्या हवेच्या थंड झोताने करावी. घनता आधीच ठाऊक असलेल्या प्रवाहात मोजणी बरोबर उतरली, की मगच काडी ओढावी.